धावायचे बूट: पायाचं ऐकायचं की मशीनचं?

पहाटवारा
ओळखीतल्या एका मुलीने धावायला सुरुवात करायची म्हणून महिन्यापूर्वी बूट घेतले. दुकानात तिला ट्रेडमिलवर पळवून व्हिडिओ काढला, 'तुमचा पाय आत वळतो' असं सांगितलं आणि आतल्या बाजूने कडक आधार असलेला बूट हातात ठेवला. घालताक्षणी तळव्याच्या कमानीखाली उंचवटा लागत होता. 'आठवड्यात रुळेल' म्हणाले म्हणून तिने घेतला. तिथे फोड आला, बरा झाला, पुन्हा आला. आता ती धावणंच सोडायच्या बेतात आहे. याचा मला खरंच राग येतो.

माझं मत स्पष्ट आहे: बूट पहिल्या पाच मिनिटांत पायाला पटला नाही तर घेऊ नये, मशीन काहीही सांगो. पाय थोडा आत वळणं हा दोष नाही, धक्का पचवायची ती शरीराची पद्धत आहे. अमेरिकी लष्करात नव्या भरतीच्या जवानांवर याचे मोठे प्रयोग झाले. एका गटाला कमानीच्या उंचीप्रमाणे बूट, दुसऱ्याला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. धावण्यातल्या हालचालींचा दीर्घ अभ्यास केलेले बेनो निग यांनी २०१५ साली हाच मुद्दा मांडला होता: धावणाऱ्याला जो बूट आरामदायी वाटतो तोच बहुधा त्याच्या पायाच्या नैसर्गिक हालचालीला साथ देतो.

सावकाश_पण_रोज
सपशेल असहमत. दुकानातला आराम फसवतो.

मी असाच 'पायाला पटलेला' बूट घेतला होता. गादीवर चालल्यासारखं वाटत होतं. पहिले पाच किलोमीटर स्वर्ग. सातव्याला टाच सोलमध्ये एका बाजूला रुतायला लागली आणि घोटा डुलायला लागला. दोन महिन्यांनी बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला तर चक्क बाहेरच्या बाजूला कललेला. तोवर नडगीचं दुखणं मागे लागलं होतं. पाच मिनिटं थंड, ताज्या पायाने उभं राहून कोणता बूट चांगला हे कळत असतं तर निम्मे धावणारे दुखऱ्या पायांनी फिरले नसते. कोणीतरी जाणकाराने पाहायलाच हवं.

पहाटवारा
तुमचा त्रास कळतो, पण तुम्ही मऊपणा आणि आराम यांत गल्लत करताय. मऊ बूट हाताने दाबूनही कळतो. आराम म्हणजे टाच उचलली जात नाही, बोटं आत पसरता येतात, कुठे काही लागत नाही आणि वळताना पाय आत सरकत नाही.

हे तपासायला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो आणि धावतानाही तो सुजतोच. धावताना घालता तेच मोजे घाला. इनसोल (बुटातला सुटा मऊ तळ) बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळीची बाजू इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, नंबर बरोबर असला तरी. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, माप त्याचंच धरायचं. उतारावर नख पुढे आपटून काळं पडतं ते ही जागा नसल्यामुळे. आणि टाच सैल वाटली म्हणून लहान नंबर घेऊ नका. वरच्या जादा भोकातून नाडीचा छोटा फास करून त्यातून दुसरी नाडी ओवा, टाच जागेवर बसते.

मोकळा_तळवा
एवढा खटाटोप कशाला? १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी जिंकला. जाड टाचेमुळे आपण टाच आपटत धावायला शिकलो. मानवी उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनिएल लिबरमन यांचा २०१० चा अभ्यास आहेच: सवयीने अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि टेकतानाचा तो अचानक बसणारा धक्का कमी होतो. पायाला काम करू द्या.

नडगीवाला
चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि आणखी कमी वेळात जिंकला, हेही लिहा. चवड्यावर उतरलात की टाचेवरचा भार नाहीसा होत नाही, पोटरी, घोट्यामागची शीर आणि पावलाची हाडं तो घेतात. मी दहा मिलिमीटर ड्रॉपवरून (टाच आणि चवड्याखालच्या जाडीतला फरक) एकदम शून्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. ज्याला जायचंय त्याने जावं, पण महिनोन्‌महिने, सुरुवातीला आठवड्यातून एकदा, एखादा किलोमीटर.

कार्बन प्लेटवाल्यांनाही (जाड फोमच्या सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले बूट घालणाऱ्यांनाही) हेच सांगेन. स्पर्धांत रस्त्यावरच्या बुटाचा सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, यावरूनच त्या फोमचा किती फायदा होतो ते कळतं. पण तो वेगासाठी आहे, रोजच्या संथ धावण्याला त्याची गरज नाही.

रानजाई
सगळे बुटांवरच बोलताय. बायकांना विचाराल तर बूट दुसऱ्या नंबरवर. स्पोर्ट्‌स ब्रा नीट नसेल तर कितीही चांगला बूट असो, धावणं नको होतं. पहिली स्पोर्ट्‌स ब्रा १९७७ साली बनली, तीही धावणाऱ्या बाईनेच मैत्रिणींसोबत, पुरुषांचे दोन लंगोटपट्टे जोडून. त्याआधी धावणाऱ्या बायकांनी काय सोसलं असेल याचा विचार करा.

मुख्य आधार खांद्याच्या पट्ट्यांचा नसतो, छातीखालच्या पट्ट्याचा असतो. दोन बोटं जेमतेम जातील इतका तो घट्ट हवा आणि हात वर केल्यावर वर सरकता कामा नये. घालून जागेवर वीस उड्या मारा. पट्ट्याचे वळ खांद्यावर उठत असतील तर खालचा पट्टा सैल आहे. इथे मी पहाटवाराच्या बाजूने: मापाची पट्टी सुरुवातीपुरती, निकाल अंगाचा. आणि सुती टी-शर्ट लांबच्या धावण्याला नकोच. घामाने ओला होऊन काखेत असा काचतो की अंघोळीला पाणी लागलं की डोळ्यांत पाणी येतं.

सावकाश_पण_रोज
सुतीबद्दल थोडं थांबा. अर्ध्या तासाच्या व्यायामाला सुती काही वाईट नाही आणि पॉलिस्टरइतका वास धरून ठेवत नाही. मोजे मात्र सुती नकोतच, ओला मोजा म्हणजे फोड ठरलेला.

बुटांबाबत एवढं मान्य: मी मऊपणालाच आराम समजलो. पण एका बुटावर भिस्त ठेवणं मला अजूनही पटत नाही. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावणाऱ्यांना २२ आठवडे पाहिलं, तर आलटूनपालटून वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला. भार दरवेळी थोडा वेगळीकडे पडतो, हे कारण मला पटतं. तेव्हा तुमच्या ओळखीच्या मुलीने तो बूट फेकू नये, दुसरा जोड घेऊन अधूनमधून हाही वापरावा.

पहाटवारा
फोड आणणारा बूट आलटूनपालटूनही नको, यावर मी ठाम आहे. दुकान बदलून द्यायला तयार नाही. काल तिने त्यातला उंच कमानीचा इनसोल काढून जुन्या बुटाचा सपाट इनसोल घातला. तीन किलोमीटर धावली, कातडी लाल झाली नाही.

सावकाश_पण_रोज
तीनवर निकाल देऊ नका. आठ होऊ देत, मग इथे लिहा. मी वाट पाहतोय.