नैराश्यात स्वतःला सावरताना आठवड्याचा एक फोन: आधार की तडजोड?

निळा कंदील (धागाकर्ती)

नैराश्यासाठी स्वमदतीची पुस्तिका किंवा ॲप देतात आणि सोबत आठवड्याला एक फोन ठरवतात. परवा जवळच्याच एकाने म्हटलं, "समोर बसून बोलायला माणूस मिळत नाही, म्हणून फोनवर भागवतात." मला ते लागलं, म्हणून हा धागा.

माझी पुस्तिका तीन महिने उशाशी पडून होती. उघडली की दुसऱ्या पानावर डोळे थिजायचे. हा आजार ज्याने बरं वाटेल तेच करायचं त्राण काढून घेतो. मग दर गुरुवारी अकराला फोन येऊ लागला. पंचवीस मिनिटं, दर वेळी तीच बाई.

पुस्तिकेत तक्ता होता: काय केलं, कधी केलं, नंतर मन कसं होतं, 0 ते 10. दुसऱ्या आठवड्यात माझे सहा दिवस कोरे आणि एकच ओळ: "कुंडीला पाणी घातलं. 3." मी म्हटलं, काहीच जमलं नाही हो. त्यांनी विचारलं, "पाणी घालायला उठण्याआधी मन किती होतं?" एक. "मग या आठवड्यात कुंडीला दोनदा पाणी." बस्स. मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, आधी हात हलवायचे. मन मागून येतं. वाचून हे मला कळलं होतं, पण वळलं त्या फोनमुळे.

अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 325 जणांना 18 सत्रांची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) दिली, निम्म्यांना फोनवर, निम्म्यांना समोरासमोर. मध्येच सोडणारे समोरासमोरच्या गटात सुमारे 33 टक्के, फोनवर 21. उपचार संपले तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले. ब्रिटनच्या 2016 च्या 'कोब्रा' चाचणीतही कमी प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी हीच 'आधी कृती' पद्धत वापरली आणि ती तज्ज्ञांच्या सीबीटीपेक्षा कमी ठरली नाही. मग तडजोड कसली?

पाऊलवाट

असहमत, आणि मनापासून असहमत.

आधी आकड्यांचं. पहिल्या चाचणीत पुढच्या सहा महिन्यांनी समोरासमोरचा गट थोडा जास्त बरा होता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. आणि 'कोब्रा'तली सत्रं समोरासमोरची होती. ती फोनच्या बाजूने कशी मोजता?

आता माझं. घरात खोल्या दोन, माणसं पाच. मी फोन न्हाणीघरात घ्यायचो, नळ सोडून. पीएचक्यू-9 नावाची प्रश्नावली असते: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. नववा प्रश्न मरण बरं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. दाराबाहेर आई टॉवेल घेऊन उभी. मी दर वेळी "नाही" म्हणालो. पलीकडे शून्य नोंदलं गेलं. माझी बेरीज आठवड्याला कमी होत होती, म्हणजे कागदावर मी बरा होत होतो, आणि मी बुडत होतो. समोर बसलेल्या माणसाला माझा आठ दिवसांचा तोच शर्ट दिसला असता. फोनला शर्ट दिसत नाही.

सरळ रेघ

फोनची कटकटच कशाला? ॲप रात्री दोनलाही उघडतं, कुणासमोर लाज नाही. ज्याला करायचंय तो करतो.

निळा कंदील

@सरळ रेघ, इथेच तर गाडी अडते. ब्रिटनमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 'रिॲक्ट' चाचणीत 691 जण होते. नेहमीच्या डॉक्टरी उपचारांवर दोन संगणकीय सीबीटी प्रोग्रामांची भर घातली, तरी जास्तीचा फायदा दिसला नाही. बहुतेकांनी एक-दोन सत्रांतच सोडलं. तिथे आठवड्याला फोनही होते, पण ते चालू ठेवा म्हणून धीर देण्यापुरते, उपचाराबद्दल बोलायला नव्हते. म्हणजे नुसती घंटी वाजून भागत नाही. कुंडीची चौकशी करणारं माणूस लागतं.

@पाऊलवाट, आकड्यांबाबत तुमचं बरोबर आहे. सहा महिन्यांनंतरची गोष्ट मी लिहायला हवी होती. न्हाणीघराचं वाचून मात्र बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

रातराणी

मी असे फोन करते, बरीच वर्षं. पाऊलवाट, तुमच्या बाबतीत जे झालं ती फोन करणाऱ्याची चूक होती, तुमची नाही. आम्हाला शिकवलं गेलं तेव्हा पहिला प्रश्न हा होता: "आत्ता मोकळं बोलता येतंय का? नुसतं हो किंवा नाही म्हणा." नाही म्हटलं, की ती प्रश्नावली उघडायचीच नाही. दुसरी वेळ ठरवायची, किंवा हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारायचं. नवव्याला "नाही" फार पटकन आलं, तर मी थांबते आणि निराळ्या शब्दांत पुन्हा विचारते. आवाज खाली गेला, उत्तराआधीची शांतता लांबली, तर ते कानाला कळतं. पण त्यासाठी दर वेळी तेच माणूस हवं. दर आठवड्याला नवा आवाज असेल, तर मागचा आवाज कसा होता हे कुणाला ठाऊक?

आणखी एक. स्वमदत आणि फोन हे सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी. जेवणं सुटलंय, अंथरूण सुटत नाही, जीव नकोसा झालाय, अशा वेळी पुढच्या गुरुवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, जवळच्या कुणाला तरी सांगायचं, एकटं राहायचं नाही. गोळ्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. हे मी प्रत्येकाला पहिल्याच फोनला सांगते.

पाऊलवाट

रातराणी, तो पहिला प्रश्न मला कुणी विचारला असता, तर मी "नाही" म्हटलं असतं. ते एक "नाही" आईसमोरही म्हणता आलं असतं.

माझं मत मात्र अजून तेच आहे: पहिली भेट समोरासमोरच व्हावी, एकदा तरी. त्यानंतर फोन चालेल. त्या माणसाने मला एकदा पाहिलेलं असेल.

निळा कंदील

मान्य. माझी पहिली भेट समोरासमोरच झाली होती. हे वरती लिहायचं मला सुचलंच नाही.