गावभेटीला मंडळीतली माणसं येत नाहीत, कसं बोलवावं?

वावरातला_सेक्रेटरी (यवतमाळ जिल्हा):
सलाम. आमची चर्चची मंडळी लहान, बावीस घरं. डिसेंबरात शेजारच्या तीन गावांत जायचं ठरलंय. सकाळी बीपी-शुगर, पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) टीम आली तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, संध्याकाळी भजन. चार रविवार उपासनेनंतर सूचना वाचली, "ज्यांची इच्छा असेल त्यांनी नावे द्यावीत." नावं आली तीन. पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि मी.

मग पाळकसाहेबांनी लूकच्या दहाव्या अध्यायावर उपदेश केला, पीक फार आहे पण कामकरी थोडे. मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, "बाप्पा, माह्याच वावरात कामकरी भेटून नाही राह्यले, तुमच्या पिकाले कुठून आणू?" सगळे हसले, मीही हसलो. पण आता करू काय?

परतवाड्याची_ताई:
काका खरं तेच बोलले न भाऊ. डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी. बाईले किलोवर मजुरी भेटते, दिवस पाडून कोण येईन? आमच्याकडे मजूर आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टी घेते, आम्ही तोच दिवस धरतो. बाजार दुपारचा, सकाळ मोकळी.

अन् "ज्यांची इच्छा असेल" म्हणजे कोणालेच नाही म्हटलं. घरी जा, चहा प्या, काम सांगा. "मावशी, वजनकाट्याजवळ तुम्ही बसा, दहा ते एक." एवढंच. आमच्यातला एक पोरगा नाताळाशिवाय चर्चमध्ये दिसत नव्हता. त्याले उपासनेचं काहीच नाही बोललो, त्याचा ऑटो मागितला. दिवसभर म्हाताऱ्या नेल्या-आणल्या त्यानं. आता पुढच्या फेरीची तारीख तोच विचारते.

नागपूरचा_वडील:
ताईंशी सहमत. एक भर घालतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. आज लोकांना हिस्लॉप कॉलेजामुळे नाव माहीत आहे. पण हा माणूस गोंडांची गाणी आणि शब्द लिहून घेत असे. १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्यात बुडून गेले, तो संग्रह नंतर छापला गेला. सांगायला आलेला माणूस इतकं ऐकून घेत होता. तुम्ही शिबिराआधी दोघादोघांना नुसतं विचारायला पाठवा, गावाला काय हवंय. येशूनेही शिष्य दोघेदोघेच पाठवले होते. शिबिराला घाबरणारा माणूस एवढ्या कामाला तयार होतो, आणि एकदा ते गाव पाहिलं की बरेचदा पुढेही येतो.

आशाताई_चंद्रपूर:
मी मंडळीतली नाही, पण तपासणीचं सांगते. गावात सिकलसेलची बहुतेक होते ती सोल्युबिलिटी, म्हणजे रक्ताची पहिली, प्राथमिक चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिससारखी खात्रीची चाचणी करावी लागते, तेव्हा कळतं माणूस वाहक आहे की पीडित. लोक पहिल्या रिपोर्टलाच घाबरून घरी बसतात. म्हणून एका दिवसाचे दहा जण नकोत, नंतर दवाखान्यात सोबत जाणारे दोन द्या. आणि औषधाच्या टेबलावर प्रार्थना नको, भजन वेगळं ठेवा. पोलीस पाटलांना आधी कळवा, गैरसमज लवकर पसरतात.

वावरातला_सेक्रेटरी:
तारीख बाजाराच्या दिवशी घेतली. काल त्या काकांच्याच घरी गेलो, रजिस्टर लिहायला या म्हटलं. म्हणाले, "चष्मा फुटला, लिहिणं जमत नाही. चहा करतो मी पन्नास माणसाचा. पण साखर मंडळीची."