बी विंगमधला ताप

बी ३०२ : मंडळी, मुलाचा रिपोर्ट आला. एनएस१ पॉझिटिव्ह, डेंग्यू आहे. तापाचा आज तिसरा दिवस. सध्या घरीच आहे, पाणी-पेज घेतोय. आणखी कुणाकडे ताप असेल तर आजच कळवा, प्लीज.

ए १०४ : अगं बाई! काळजी घे गं. डबा पाठवू का? आणि पपईच्या पानांचा रस दे, आमच्या भाच्याला दिला होता.

बी ३०२ : डबा चालेल काकू, रस नको. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलशिवाय काहीच देऊ नका म्हणून बजावलंय. ब्रुफेन, ॲस्पिरिन तर अजिबात नाही, रक्तस्रावाची भीती असते. ताप उतरल्यावर जास्त लक्ष ठेवायचं. पोटात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर तडक ॲडमिट.

सी ५०१ : सेक्रेटरी साहेब, धूर फवारणी कधी?

सेक्रेटरी : वॉर्ड ऑफिसला कळवलंय. उद्या सकाळी कीटकनाशक विभागाची माणसं येतील. सर्वांनी दारं उघडावीत, ही विनंती.

ए ४०३ : पालिकेच्या आरोग्य खात्यात नोकरी केली म्हणून सांगतो. धुराने उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, आठवड्याभरात त्यांचे डास होतात. हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मनी प्लांटची बाटली, लकी बांबू, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे आजच बघा. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. काथ्याने घासा.

बी २०५ : काका, आत्ता फ्रिज ओढून बघितला. चार वर्षांत पहिल्यांदा. ट्रेमध्ये दोन बोटं पाणी, मोबाईलचा टॉर्च मारला तर बारीक धाग्यासारखं काहीतरी सर्रकन तळाला गेलं आणि वळवळत पुन्हा वर आलं. पंधरा-वीस तरी असतील. अंगावर काटा आला. ३०२, मनापासून सॉरी.

बी ३०२ : सॉरी कशाला, बघितलंस हेच खूप झालं.

सी ५०१ : पण फ्लॅट नंबरसकट आजार ग्रुपवर टाकणं मला पटत नाही. लगेच त्या घरच्या मुलांना कुणी खेळायला घेत नाही.

ए ४०३ : मग थेट सेक्रेटरींना सांगा. त्यांनी वहीत विंग आणि तारीख लिहावी, ग्रुपवर नाव नको. पण लपवू नका. डेंग्यू शिवल्याने होत नाही, रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा म्हणजे झालं. १८९६ साली मुंबईतल्या मांडवीत प्लेग निघाला तेव्हा आपलं माणूस उचलून नेतील या धाकाने लोकांनी घराघरांत रोगी लपवले. साथ आणखी पसरली.

बी ३०२ : मला एक बोलायचंय. मागचे मेसेज चाळले. बरोबर सतरा दिवसांपूर्वी या ग्रुपवर चार तक्रारी आहेत, ‘गेटवर कुणीच नाही’. त्यातली एक माझी. त्या दिवशी वॉचमन दादा पंपरूमशेजारच्या खोलीत तापाने फणफणले होते. आम्ही कुणी विचारपूससुद्धा केली नाही. बदली माणूस आला आणि विषय संपला.

ए ४०३ : त्यांची तपासणी झाली नाही, त्यामुळे खात्रीने म्हणता येणार नाही. पण हिशोब जुळतो. रुग्णाला चावलेला डास साधारण ८ ते १२ दिवसांनी रोग पसरवू लागतो. त्याने चावल्यावर ४ ते १० दिवसांत ताप येतो. तेव्हाच दवाखान्यात कळवलं असतं तर आवारातल्या अळ्या दोन आठवडे आधी सापडल्या असत्या.

सेक्रेटरी : चूक माझीही आहे. आजपासून वहीत वॉचमन, सफाईवाले, घरकामाच्या मावशी सगळ्यांचा ताप लिहिला जाईल. दर रविवारी दहा वाजता पाणी ओतायचं. गच्चीवर ताडपत्रीच्या घडीत पाणी साचलंय, ते आता काढतो.

ए १०४ : मी पंपरूमपाशी जाऊन आले. वॉचमनच्या मुलीला काल रात्रीपासून कणकण आहे, डोळे दुखतात म्हणते.

बी ३०२ : काकू, माझ्या मुलापाशी तासभर बसाल? मी तिला घेऊन पालिकेच्या दवाखान्यात जाते. रक्त आजच देऊ.

ए १०४ : आलेच. दार उघडं ठेव.