काक्षी मंदावली ती जोडीदारामुळे का?

रात्रपाळी (प्रश्न)
२०२० च्या फेब्रुवारीत मृग नक्षत्रातली काक्षी, म्हणजे बीटलज्यूज हा तांबडा तारा, इतकी फिकी पडली होती की माझ्यासारख्या नवख्यालाही ते जाणवलं. तेव्हा जो तो म्हणत होता, आता हिचा स्फोट होणार. झालं काहीच नाही. २०२५ मध्ये तिचा जोडीदार, म्हणजे तिच्याभोवती फिरणारा छोटा तारा, सापडल्याचं वाचलं. मग तेव्हा तोच आडवा आला होता का? मुलगी विचारते, स्फोट आपल्याला बघायला मिळेल का? तिला काय सांगू?

गच्चीवरची वही
इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. मंदावणं धुळीचं, जोडीदाराचा संबंध वेगळ्याच आवर्तनाशी.

त्या हिवाळ्यात मी रोज जेवण झालं की गच्चीवर जायचो. वही आणि लाल जिलेटीन कागद गुंडाळलेली विजेरी, बस. काक्षी एरवी रोहिणीपेक्षा ठळक. २०१९ चा डिसेंबर संपता संपता वहीत लिहिलंय, ‘रोहिणीहून मंद, नक्की.’ फेब्रुवारीच्या मध्याला तर रोहिणी सोडून मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सशी तुलना करावी लागली. दोन्ही सारख्याच! बेलाट्रिक्सची प्रत (उजेडाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद) १.६, म्हणजे काक्षीचा नेहमीचा उजेड जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता. ते पान मी अजूनही काढून बघतो.

चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने तेव्हा तिची चित्रं घेतली. नुसता ठिपका नव्हे, ताऱ्याची तबकडी! तिचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसतो. त्याआधी, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, हबलला अतिनील किरणांत त्याच बाजूने तप्त वायू बाहेर पडताना दिसला होता. तो दूर जाऊन निवला, त्याची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत आली.

अवरक्त
सगळं धुळीवर घालू नका. हिमावारी-८ हा जपानचा हवामान उपग्रह. पृथ्वीचे फोटो काढताना कडेच्या काळ्या आकाशात काक्षीही येत होती. जपानी संशोधकांनी २०१७ ते २०२१ च्या त्या फोटोंतून तिचा उजेड मोजला. तारा सुमारे १४० अंशांनी थंडही झाला होता. धूळ आणि थंडावा, दोन्हींचा वाटा जवळपास सारखा.

गच्चीवरची वही
बरोबर, हे राहिलंच होतं.

आता जोडीदार. काक्षीचा उजेड कमी-जास्त होण्याची आवर्तनं दोन. साधारण ४०० दिवसांचं तिचं स्वतःचं आकुंचन-प्रसरण. दुसरं सुमारे २१०० दिवसांचं, म्हणजे पावणेसहा वर्षांचं. ते कशामुळे हे कोडं फार जुनं. २०२४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे गणित मांडलं, की हे जोडीदाराचं काम. जुलै २०२५ मध्ये हवाईच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने तो टिपल्याचं जाहीर झालं. पण तो काक्षीपेक्षा सहा प्रतींनी, म्हणजे अडीचशे पट मंद, आणि तिला अगदी चिकटून. पुरावा अजून कच्चा आहे, तेव्हा ‘सापडला’ऐवजी ‘बहुधा दिसला’ म्हणा. नोव्हेंबर २०२७ मध्ये तो तिच्यापासून सर्वांत लांब दिसेल, तेव्हा पक्कं होईल. मी वाट बघतोय.

स्फोटाचं म्हणाल तर २०२० मध्येच तिची स्पंदनं संगणकावरच्या प्रतिमानांशी ताडून पाहिली गेली. त्रिज्या सूर्याच्या साडेसातशे पटींहून जास्त, अंतर साधारण ५५० प्रकाशवर्षं. आधी ७०० च्या वर धरत होते. आणि गाभ्यात अजून हेलियम जळतोय, तो संपल्याशिवाय शेवट जवळ येत नाही. म्हणजे स्फोटाला लाखभर वर्षं आहेत.

मुलीला खरं ते सांगा, आणि एक वही द्या. काक्षी आणि रोहिणी सारख्याच उंचीवर असताना ताडून बघायला सांगा; खाली असलेला तारा हवेमुळे फिका दिसतो. आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावू नये, तो उगाच ठळक भासायला लागतो. नजर टाकायची, काढायची.

रात्रपाळी
लाखभर वर्षं ऐकून हिरमुसली जराशी. पण काल सुट्टी होती, दोघं गच्चीवर गेलो. तिनं स्वतः लिहिलं: ‘काक्षी रोहिणीपेक्षा थोडी जास्त. ढग नाहीत.’