मदत हवी आहे: ४० आणि १०० च्या इन्सुलिनचा घोळ वॉर्डात कसा थांबवायचा?

नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत एका खाजगी हॉस्पिटलला मेडिसीन वॉर्डात स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेय. इथं डॉक्टर, फार्मासिस्ट, सिस्टर, ब्रदर जे कोण असतील त्यांनी जरा वाचा, मला खरंच उत्तर पाहिजे.

आमच्या वॉर्डाच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनची ४० युनिट पर एमएलची व्हायल (छोटी बाटली) असते आणि तिला लाल टोपीची सिरिंज, हे सगळ्यांच्या हातात बसलंय. पण जत, कवठेमहांकाळ, पार अथणीकडनं पेशंट येतात त्यांच्याकडं आता इन्सुलिनचं पेन असतं नाहीतर १०० ची व्हायल, तिला केशरी टोपीची सिरिंज लागते. नातेवाईक पिशवीतनं व्हायल काढून हातात देतात, सिस्टर आमचं हेच चालू आहे, हेच द्या. आणि मेडिकलमध्ये केशरी संपली की लाल देतात, इन्सुलिनचीच आहे की, चालते म्हणतात. नाही चालत हो! लाल सिरिंजवर १० ची रेघ म्हणजे पाव एमएल, ४० च्या व्हायलमधनं तेवढ्यात १० युनिट येतात, १०० च्या व्हायलमधनं तेवढंच भरलं तर २५ जातात, म्हणजे सरळ अडीचपट. आणि उलटं झालं, ४० ची व्हायल न् केशरी सिरिंज, तर १० च्या रेघेला फक्त ४ युनिट जातात, मग सकाळी शुगर तीनशेच्या वर बघून राउंडला डोस वाढवतात, आणि पुढच्या ड्युटीला कुणी बरोबर सिरिंज घेतली की तोच वाढवलेला डोस पूर्ण जाऊन पेशंट हायपोत, म्हणजे शुगर एकदम खाली.

परवा संध्याकाळी नवीन जॉइन झालेली मुलगी १०० च्या व्हायलमधनं लाल सिरिंजनं १६ भरत होती, ट्रेमध्ये लाल टोपी दिसली म्हणून मी हात धरला, नाहीतर ४० युनिट गेले असते, आणि त्या आजोबांचा डबा गावाकडनं एसटीनं येतो, तो अजून आलाच नव्हता. मी तिला दोष देत नाही. ट्रीटमेंट शीटवर नुसतं १६ आणि पुढं इंग्लिश यू, कुठलं इन्सुलिन, किती स्ट्रेंथ, जेवणाआधी किती वेळ, काहीच नाही. तो यू घाईत काढला की शून्यासारखा दिसतो, १० चे १०० वाचले जातात, हे कॉलेजात शिकवतात तरी शीटवर तेच.

वर बोलले तर आजपर्यंत काही झालं नाही ना म्हणतात. आता मला विचारायचंय की पेशंटनं घरनं आणलेलं इन्सुलिन तुमच्याकडं वापरतात का, आणि रात्री पेनची सुई मिळाली नाही तर काही स्टाफ पेनच्या आतल्या इन्सुलिनच्या कार्ट्रिजमधनं सिरिंजनं ओढतात ते कितपत बरोबर? आणि नाइटला वॉर्डात एकटीच असले तर डबल चेक कुणाकडनं करून घ्यायचा?

प्रतिसाद, मिरजेचा फार्मासिस्ट:
ताई, कार्ट्रिजमधनं सिरिंजनं अजिबात ओढू नका. एक तर आत हवा शिरते आणि पुढचे डोस पेनवर बरोबर येत नाहीत, दुसरं म्हणजे कार्ट्रिज साधारण १०० चं असतं आणि ग्लार्जिन नावाच्या इन्सुलिनचं तर ३०० चं पण पेन येतं, त्यातलं सिरिंजमध्ये घेतलं तर हिशोबच उरत नाही. पेनच्या डायलवर थेट युनिट असतात, स्ट्रेंथ कुठलीही असू दे. सुया वॉर्ड स्टॉकला इंडेंट करून (मागणी लिहून) ठेवा. आणि एकाचं पेन दुसऱ्याला सुई बदलून सुद्धा द्यायचं नाही, कार्ट्रिजमध्ये रक्त मागं येऊ शकतं.

प्रतिसाद, साताऱ्याहून, आयसीयू इंचार्ज:
आमच्यात घरचं इन्सुलिन आलं की नातेवाइकांकडं परत, वॉर्डात एकच स्ट्रेंथ. पेन चालू ठेवायचंच असलं तर पेशंटचं नाव लिहून वेगळ्या डब्यात. व्हायल आणि तिची सिरिंज एकाच ट्रेमध्ये ठेवायची, सिरिंज सुटी कुठंच नाही, हा एक नियम केला तरी निम्मा घोळ जातो. इन्सुलिनच्या ड्रिपला तर जास्त जपा. ५० एमएल एनएसमध्ये (सलाइनमध्ये) ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन घालतो तेव्हा ४० च्या व्हायलमधनं सव्वा एमएल लागतं, १०० मधनं अर्धाच. सवयीनं सव्वा घेतलं तर १२५ युनिट झाले, आणि पंपावर रेट बरोबर दिसतो त्यामुळं कुणाला शंका येत नाही. डबल चेकला शेजारच्या वॉर्डची सिस्टर बोलवा नाहीतर आरएमओ (हॉस्पिटलमधले ड्युटी डॉक्टर), पण दुसऱ्यानं व्हायल हातात घेऊन स्वतः वाचायची, लांबनं "हो बरोबर आहे" म्हणायचं नाही. फोनवर ऑर्डर आली तर लिहून घ्या आणि डॉक्टरांना परत वाचून दाखवा, सोळा म्हणजे एक सहा असं सुटं सांगून.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. ट्रेचं उद्याच करते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. घरचं इन्सुलिन परत पाठवायचं मात्र मेट्रन मॅडमकडनं लेखी घ्यावं लागेल, कारण बिल वाढलं की नातेवाईक आमच्याच अंगावर येतात. साताऱ्याच्या ताई, तुमच्याकडं हे लेखी असेल तर हॉस्पिटलचं नाव काढून त्याचा मजकूर इथं टाकाल का? आणि डबा उशिरा येणाऱ्या पेशंटचं तुम्ही कसं करता, रेग्युलर अर्धा तास आधी द्यायचं म्हणतात पण ताट समोर आल्याशिवाय माझा तर हात होत नाही.