दुआ आपल्या बोलीत मागावी की पाठ केलेल्या अरबीत?

कोंढवा_खुर्द (धागाकर्ती)

माझे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. स्वारगेटहून गाडी काढताना स्टिअरिंगवर हात ठेवून आधी प्रवासाची अरबी दुआ पुटपुटायचे आणि लगेच मराठीत म्हणायचे, "अल्ला, सगळ्यांना घरी पोचव." सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून महाबळेश्वरला जायचे, तेव्हा दोन्ही कानावर पडायचं. पहिलं कळायचं नाही, दुसरं कळायचं.

आता माझी चाळिशी उलटली. नमाज संपवणारा सलाम फेरला की हात उचलते, "रब्बना आतिना" ही कुरआनातली दुआ म्हणते, तोंडावरून हात फिरवते आणि उठते. सगळं अर्ध्या मिनिटात. गेल्या वर्षी अम्मी अतिदक्षता विभागात होती. बाहेरच्या बाकावर बसून पाठ होत्या तेवढ्या दुआ म्हटल्या. ओठ हलत होते, मन मात्र आतल्या मशीनच्या आवाजाकडे होतं. मग कधी मराठीत सुरू झाले ते कळलंच नाही. "तिला दम लागतोय, तो कमी कर. त्या आठवड्यात मी तिच्यावर ओरडले होते, ते मला माफ कर." आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, असं त्या रात्री वाटलं.

सूरह बकरामध्ये रोजाच्या आयतींच्या मधोमध १८६ वी आयत आहे. माझे बंदे माझ्याबद्दल विचारतील तर मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी उत्तर देतो, असा तिचा आशय. याच सूरेत लोक चंद्रकोरीबद्दल विचारतात, दारू-जुगाराबद्दल विचारतात, तेव्हा उत्तर "त्यांना सांग" असं सुरू होतं. इथे "सांग" हा शब्दच नाही. थेट "मी जवळ आहे". मध्ये पैगंबरांच्या तोंडचा शब्दसुद्धा ठेवलेला नाही, आणि आपण मुलांसमोर पाठांतराची भिंत उभी करतो. माझं म्हणणं इतकंच, की मुलांना आधी आपल्या भाषेत मागायला शिकवावं. अरबी नंतर येईल.

मोमिनपुरा_मकतब

आपा, तुमच्या अम्मींना अल्लाह शिफा देवो. पण तुमच्याशी मी सहमत नाही.

पहिली गोष्ट, नमाजच्या बाहेर कोणत्याही भाषेत दुआ मागायला कुणाची मनाई नाही. नमाजच्या आत मात्र आमच्या हनफी फिकहप्रमाणे, म्हणजे आमच्या पंथाच्या धर्मनियमांप्रमाणे, अरबीच. तेव्हा भिंत कुणी उभी केलेली नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपले शब्द आपल्या गरजेएवढेच असतात. मी स्वतःच्या शब्दांत मागायला बसलो की खोलीचं भाडं आणि मुलाची ॲडमिशन यापुढे जात नाही. "रब्बना आतिना"च्या एका ओळीत या जगातलं भलं, त्या जगातलं भलं आणि आगीपासून बचाव, तिन्ही आहे. हे मला आपणहून सुचलं नसतं.

तुमच्या अब्बांचंच बघा. प्रवासाच्या त्या दुआत काय आहे? ज्यानं हे वाहन आमच्या ताब्यात दिलं तो पाक आहे, आमच्यानं हे काबूत आलं नसतं, आणि आम्ही आमच्या रबकडेच परतणार आहोत. घाटातल्या ड्रायव्हरसाठी याहून मोठं काय आहे? मराठी वाक्यात मागणं होतं. अरबीत आपण किती लहान आहोत याची कबुली होती. दोष अरबीचा नाही, अर्थ न शिकवण्याचा आहे. मी माझ्या मकतबमध्ये (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) आठवड्याला एकच दुआ देतो, शब्दाला शब्द लावून. मुलं विसरत नाहीत.

दुआला अदबही आहे. नमाजमध्ये एक माणूस हम्द (अल्लाहची स्तुती) नाही, दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) नाही, थेट मागायलाच लागला. पैगंबर (स.) म्हणाले, यानं घाई केली. ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, अबू दाऊद आणि तिर्मिझी या संग्रहांत आहे.

बाणकोट_ते_बिबवेवाडी

धागाकर्तीला +१. आम्ही कोकणी, शाफई पंथाचे. फज्रला (पहाटेच्या नमाजला) कुनूत ही दुआ असते, ती माझ्या नानीला पाठ होती. सलाम फेरल्यावर मात्र ती कोकणीतून तासभर बोलायची. होडीवर गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन.

एक हदीस मला फार जवळची आहे. पैगंबरांनी एकाला विचारलं, तू नमाजमध्ये काय म्हणतोस? तो म्हणाला, जन्नत मागतो, आगीपासून पनाह मागतो. तुम्ही आणि मुआज (पैगंबरांचे एक सोबती) जे गुणगुणता ते मला जमत नाही. त्यावर पैगंबर म्हणाले, आम्हीही त्याच्याच अवतीभवती गुणगुणतो. त्या माणसाला परत पाठवून "आधी पाठ करून ये" असं सांगितलं नाही.

सदाशिव_पेठ_वाचक

बाहेरचा आहे, म्हणून विचारतो. नमाज आणि दुआ एकच नव्हेत का?

मोमिनपुरा_मकतब

नाही. नमाजला वेळ ठरलेली, वजू (हात-तोंड-पाय धुणं) हवा, रचना ठरलेली. दुआ कधीही, बसून, चालताना, बिनावजूसुद्धा. काही वेळा जास्त कबुलीच्या सांगितल्या आहेत: रात्रीचा शेवटचा तिसरा भाग, अजान आणि इकामत (नमाज सुरू होतानाची हाक) यांच्या मधला वेळ, सजदा (जमिनीवर कपाळ टेकलेलं असताना), जुम्याची (शुक्रवारची) एक घटका. आणि पाठीमागे दुसऱ्यासाठी मागितलं तर फरिश्ता म्हणतो, तुलाही तेच मिळो. तुमचे मित्र "दुआ में याद रखना" म्हणतात ते यासाठी.

पर्वती_पायथा

मी मुस्लिम घरातला, पण हमीद दलवाईंनी १९७० मध्ये याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्या विचारांवर वाढलो. भाषेचा वाद मला दुय्यम वाटतो. मिळालं तर कबूल झाली. नाही मिळालं तर आखिरतसाठी (मरणानंतरच्या जगासाठी) राखली, किंवा एखादं संकट टळलं. ही मांडणी कधी चूक ठरूच शकत नाही, आणि जे चूक ठरू शकत नाही त्यावर माणूस आयुष्य टेकवून बसतो. शाळेची फी, नोकरी, तलाक दिलेल्या बाईची पोटगी हे सगळं हात उचलून नाही, अर्ज करून आणि भांडून मिळतं. आणि भाषेचंच म्हणाल तर नमाजसुद्धा मराठीत का नको?

रात्रपाळी_सिस्टर

मी नर्स आहे. बारा वर्षं वॉर्डात काढली, त्यावरून सांगते. दुआ मागणारे नातेवाईक हातावर हात ठेवून बसलेले मी फारसे पाहिले नाहीत. तेच रक्ताच्या पिशवीसाठी रात्री दोन वाजता गाडी काढतात. उंट बांध आणि मग भरवसा ठेव, हे तिर्मिझीतलं वाक्य आमच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक आहे.

"चूक ठरू शकत नाही" हे तुमचं म्हणणं दुआ हा प्रयोग असता तर बरोबर होतं. हदीसमध्ये दुआला इबादतच (उपासनाच) म्हटलंय. मी मुलीला जवळ घेते तेव्हा त्यातून काय निष्पन्न झालं, हे तपासत नाही. आणि इशाराही आहेच: बंद्याची दुआ कबूल होत राहते, जोवर तो "मागितलं, पण मिळालं नाही" म्हणून सोडून देत नाही.

मोमिनपुरा_मकतब

नमाजच्या भाषेबद्दल: तुर्कस्तानात १९३२ पासून अजान तुर्कीत द्यायला लावली होती. १९५० मध्ये अरबी अजानवरची बंदी उठली आणि लोक तिच्याकडे परतले. पुण्यात येणारा बंगाली मजूर आणि केरळचा विद्यार्थी माझ्या शेजारी उभा राहतो तो या एका भाषेमुळे. हे मी सोडणार नाही.

मार्केटयार्ड_गाळा

तुम्ही सगळे शिकलेले आहात, भाषेवर बोलताय. मी कांद्याचा व्यापारी. मला वाटतं, अडतं ते भाषेपाशी नाहीच.

सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहात एका मुसाफिराचं वर्णन आहे. लांबचा प्रवास, केस विस्कटलेले, अंगावर धूळ, आभाळाकडे हात करून "या रब, या रब" म्हणतोय. आणि खाणं हरामचं, पिणं हरामचं, कपडे हरामचे. मग त्याची दुआ कबूल होणार तरी कशी, असं पैगंबर विचारतात. त्या माणसाकडे बाकी सगळं होतं. मुसाफिरी होती, लाचारी होती, हात उचललेले होते, शब्दही बरोबर होते.

माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी धंदा बसला होता. तहज्जुदला (रात्रीच्या ऐच्छिक नमाजला) उठायचो, रडायचो, अरबीतही मागायचो आणि दखनीतही. त्याच काळात हमालांची मजुरी दोन-दोन महिने अडवून ठेवायचो, कारण तोच पैसा फिरवायला सोपा. एका हमालाच्या पोरीचं लग्न होतं. त्यानं तीनदा मागितलं. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही, नुसतं वर बघितलं आणि गेला. मुआज यांना यमनला पाठवताना पैगंबरांनी बजावलं होतं, मजलूमच्या (जुलूम झालेल्याच्या) दुआला भी, तिच्या आणि अल्लाहच्या मध्ये पडदा नाही. त्या वाक्यात मजलूमच्या धर्माची अट नाही. तो हमाल मावळातला, माळकरी. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी पैसे दिले, बाकीच्यांचेही दिले. धंदा पुढे सुधारला की नाही, हे मुद्दाम सांगत नाही. दुआ मागताना मान वर होईना, ती मात्र त्या दिवसापासून होऊ लागली.

पर्वती_पायथा

गाळावाले दादा, तुमच्या प्रतिसादाशी माझं भांडण नाही. दुआनं मजुरी चुकती होत असेल तर मी गप्प बसतो. माझा प्रश्न दुआ मागून मजुरी न देणाऱ्यांबद्दल होता.

कोंढवा_खुर्द (धागाकर्ती)

मौलाना, तुमचं बरंचसं पटलं, पण एक राहिलं. इस्तिखाराची, म्हणजे निर्णयाआधी अल्लाहकडे वाट विचारण्याची, दुआ पैगंबर कुरआनची सूरह शिकवावी तशी शिकवायचे, असं बुखारीच्या हदीस-संग्रहात त्यांचे सोबती जाबिर सांगतात. ती पूर्ण अरबीत आहे, आणि तिच्यातच सांगितलंय की इथे आपल्या कामाचं नाव घ्यावं. म्हणजे पाठाच्या आतच माणसाच्या स्वतःच्या शब्दासाठी जागा ठेवली आहे. तुमच्या मकतबमधल्या मुलांना त्या जागी काय बोलायचं, हेही शिकवा.

आज असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर अब्बांना फोन केला. विचारलं, त्या अरबी दुआचा अर्थ तुम्हाला माहीत होता का? म्हणाले, निम्मी नोकरी होईपर्यंत नव्हता. मग एकदा वाईला चढलेल्या एका म्हाताऱ्या प्रवाशानं सांगितला, "आमच्यानं हे काबूत आलं नसतं." तेव्हापासून पसरणीच्या घाटात ते गाडी आणखी सावकाश घ्यायला लागले. कंडक्टर वैतागायचा. "आणि ते मराठीतलं? ते कुणी शिकवलं?" असं विचारलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गाडीत माणसं असायची ना गं."