विषय : थरथरणारा गिअर, ‘दोष आढळला नाही’ आणि संपत आलेली वॉरंटी

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आमच्या घरच्या गाडीविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी, ड्युअल क्लच स्वयंचलित गिअरची असून आम्ही ती नवी कोरी घेतली होती. गेल्या काही महिन्यांपासून ती चांगली तापली, म्हणजे गर्दीतून बराच वेळ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहिली, की पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना सबंध गाडी थरथरते. मागे बसलेल्या मुलांनाही ते जाणवते. सकाळी थंड इंजिनावर किंवा मोकळ्या रस्त्यावर मात्र काहीही होत नाही. डीलरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी सोडली की ती संध्याकाळी धुऊन-पुसून परत मिळते आणि कागदावर ‘तपासणी केली, दोष आढळला नाही’ एवढाच शेरा असतो.

शेवटच्या भेटीत तेथील सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरांनी ‘या गिअरबॉक्सचा स्वभावच असा आहे’ असे सांगितले आणि वर क्लच हा झिजणारा भाग असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही, असेही ऐकवले. दोषच नाही, आणि असला तरी तो आमच्याकडे येत नाही, ही दोन विधाने एकाच दमात कशी करता येतात, हे मला उमगलेले नाही. शिवाय मधले एक सर्व्हिसिंग आम्ही घराजवळच्या गॅरेजमध्ये करून घेतले होते. त्यावरून ‘मग वॉरंटीचे काही सांगता येत नाही’ असा सूर आता लागला आहे.

वॉरंटी संपायला फार अवधी उरलेला नाही. अशा वेळी नेमके काय करावे, कोणाकडे काय मागावे, हे कृपया कळवावे.

आपली,
एक सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

वाहन उद्योगात नोकरी करून निवृत्त झालेला मनुष्य म्हणून लिहीत आहे. पत्र लांबेल, त्याबद्दल इतरांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम थरथरीविषयी. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये एक क्लच विषम क्रमांकाचे गिअर सांभाळतो आणि दुसरा सम क्रमांकाचे. एक सुटत असताना दुसरा पकडतो, म्हणून गिअर झटकन बदलतो. हे क्लच काही गाड्यांत तेलात बुडालेले असतात, तर काहींत कोरडे. कोरड्या क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता वाहून न्यायला तेल नसते. गर्दीत गाडी चालण्याच्या वेगानेच पुढे सरकत असते तेव्हा क्लच धड सुटलेला नसतो आणि धड पकडलेलाही नसतो, तो सतत घसरत राहतो आणि तापतो. क्लचच्या तापलेल्या अस्तराचा (पकड देणाऱ्या थराचा) पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला की पकड एकसारखी न राहता तुटक होते आणि तीच थरथर म्हणून गाडीभर पसरते. आपले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. तरीही इंजिनाचे माउंटिंग ढिले असणे, एखादा स्पार्क प्लग नीट न पेटणे किंवा क्लचची पकड ओळखणारे सॉफ्टवेअर चुकलेले असणे, यांमुळेही अशी थरथर होऊ शकते. म्हणूनच पुढचा मुद्दा मी फार महत्त्वाचा मानतो.

तक्रारीत आपण लक्षण लिहावे, निदान लिहू नये. ‘क्लच खराब झाला आहे’ असे आपण जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार नोंदीच्या कागदावर, लिहून दिले, तर मेकॅनिक क्लचचे आकडे पाहतो, ते मर्यादेत दिसले की ‘क्लच ठीक’ असे लिहितो आणि त्याचे काम तेथे कायद्याने संपते. थरथर कोणी शोधलेलीच नसते. त्याऐवजी असे लिहावे : ‘गर्दीत सुमारे अर्धा तास चालल्यानंतर, इंजिन पूर्ण तापलेले असताना, हलका अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी दोन-तीन सेकंद थरथरते. थंड गाडीत हे होत नाही.’ या मजकुरावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारायचा, तर गाडी खरोखरच तापवून पाहावी लागते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आपले म्हणणे संगणकात भरताना बहुधा ‘गिअरचा आवाज’ किंवा ‘सर्वसाधारण तपासणी’ असे आटोपशीर करून टाकतात, त्यामुळे सही करण्यापूर्वी छापलेला मजकूर शब्दन् शब्द वाचावा आणि बदललेला असेल तर दुरुस्त करून घ्यावा. संकोच इथेच सोडायचा असतो.

आपली गाडी त्यांच्या हाती का थरथरत नाही, याचे उत्तरही यातच आहे. सकाळी सोडलेली गाडी दुपारपर्यंत शेडमध्ये उभी राहून थंड होते, मग कोणीतरी ती मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून आणतो. आपण तापलेली गाडी घेऊन गर्दीच्या वेळी तेथे पोहोचावे आणि तंत्रज्ञाला शेजारी बसवून एकत्र फेरी मारण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी. त्या फेरीत दोष दिसला, तर तो दिसल्याची नोंद, तारीख आणि किलोमीटर यांसह, त्याच कार्डावर करून घ्यावी. मोबाइलवर चित्रण असल्यास उत्तम, पण त्यात डॅशबोर्डवरील वेग आणि गिअरचा आकडा दिसला पाहिजे. नुसत्या आवाजाच्या चित्रणाला फारसे कोणी विचारत नाही.

‘स्वभावच असा आहे’ या उत्तराला वाद घालून उपयोग नाही. शांतपणे दोन गोष्टी मागाव्यात. एक म्हणजे त्याच मॉडेलची, त्याच गिअरबॉक्सची दुसरी गाडी त्याच परिस्थितीत चालवून पाहण्याची संधी, कारण स्वभाव असेल तर तो त्या गाडीतही दिसेल. दुसरी म्हणजे तो स्वभाव असल्याचे लेखी उत्तर. तोंडी ठामपणे सांगणारी बरीच मंडळी लिहून देण्याची वेळ आली की ‘एकदा वर विचारून सांगतो’ म्हणतात, आणि ते वर विचारणे हेच आपल्याला हवे असते. वाहननिर्माते ज्ञात दोषांसाठी आपल्या डीलरांना तांत्रिक परिपत्रके पाठवत असतात. या लक्षणासाठी तसे परिपत्रक आहे का आणि गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती ताजी आहे का, हेही विचारावे. आपला सतरा अक्षरी चॅसिस क्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल (दोषामुळे निर्मात्याने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे) प्रलंबित आहे का, तेही पाहून घ्यावे. रिकॉलचे काम वॉरंटी संपली म्हणून पैसे देऊन करून घ्यायचे नसते.

क्लच झिजणारा भाग आहे, हे खरे. परंतु वॉरंटी पुस्तिकेतील अपवाद साधारणपणे नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेसाठी असतो. साहित्यातील किंवा जुळणीतील दोष त्यात येत नाही. तेव्हा ‘झिजला आहे’ असे कोणी म्हणाले, तर किती झिजला आहे, मर्यादा किती आणि मोजलेला आकडा किती, हे लेखी मागावे. अस्तर भरपूर शिल्लक असताना गाडी थरथरत असेल, तर झिजेचा मुद्दा आपोआप गळून पडतो.

एक सावधगिरीची सूचना. हल्ली लोक गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड वाचणारा स्वस्तातला स्कॅनर घेतात आणि डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागला की तो कोड स्वतःच पुसून टाकतात. कोड वाचावा, त्याचे छायाचित्र काढावे, पण डीलरने पाहण्यापूर्वी तो पुसू नये. कोडसोबत त्या क्षणीचा इंजिनाचा वेग, तापमान आणि गाडीचा वेग यांची नोंद जतन झालेली असते, आणि कोड पुसला की तीही जाते. अधूनमधून दिसणाऱ्या दोषाचा तो बहुधा एकमेव साक्षीदार असतो. कोडचा अर्थही शब्दशः घेऊ नये. पी०४२० हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषण कमी करणारा भाग) कमी कार्यक्षम असल्याचे सांगतो, पण त्यामागे सायलेन्सरच्या नळीतील गळती किंवा बिघडलेला सेन्सरही असू शकतो. कोड पाहून थेट महागडा भाग बदलणे हा पैसे फुकट घालवण्याचा राजमार्ग आहे.

कळावे,
एक निवृत्त वाहन अभियंता

---

सप्रेम नमस्कार.

काकांच्या पत्राशी मी बव्हंशी सहमत आहे. बाहेरच्या गॅरेजच्या प्रश्नावर मात्र थोडे लिहिते, कारण ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे हे माझे रोजचे काम आहे.

बाहेर सर्व्हिसिंग केले एवढ्यावरून वॉरंटी रद्द होते, हा समज डीलर मंडळी मोडून काढत नाहीत, कारण तो त्यांच्या सोयीचा आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार निर्मात्याला विशिष्ट ब्रँडचे भाग किंवा विशिष्ट ठिकाणचे सर्व्हिसिंग ही वॉरंटीची अट म्हणून लादता येत नाही, जोवर ते भाग किंवा ती सेवा तो फुकट देत नाही. युरोपीय संघात २०१० चा ४६१ क्रमांकाचा नियम आणि त्यासोबतची मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेची आहेत. म्हणजे वॉरंटीचे काम अधिकृत ठिकाणी करावे लागेल, पण नेहमीचे सर्व्हिसिंग कुठे करावे हा मालकाचा प्रश्न आहे. आपण ज्या देशात राहता तेथील नियम पाहून घ्यावा, तो वेगळा असू शकतो.

खरे घोडे पेंड खाते ते बिलावर. ‘ऑइल बदलले, फिल्टर बदलला’ एवढाच मजकूर असलेले बिल वादाच्या वेळी कुचकामी ठरते. त्यावर गाडीचा क्रमांक, तारीख, किलोमीटर, तेलाची ग्रेड आणि निर्मात्याने मान्य केलेल्या मानकाचा क्रमांक असला पाहिजे. नुसते ‘५डब्ल्यू-३०’ लिहिणे पुरेसे नाही, कारण त्याच ग्रेडची तेले वेगवेगळ्या मानकांची असतात आणि पुस्तिकेत मानक दिलेले असते. त्या गॅरेजकडून हे तपशील भरलेले बिल आजच मागून घ्यावे. शिवाय इंजिनाच्या तेलाचा आणि आपल्या क्लचच्या थरथरीचा संबंध काय, असा प्रश्न डीलरला जरूर विचारावा. नकार देणाऱ्यानेच तो संबंध दाखवला पाहिजे.

काकांच्या लेखनातून डीलर मुद्दाम टाळाटाळ करतो असे वाटू शकते, तेथे माझे मत थोडे निराळे आहे. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला निर्मात्याकडून मिळवावे लागतात आणि पुरावा अपुरा असेल तर दावा फेटाळला जाऊन खर्च डीलरच्या अंगावर येतो. काका सांगतात त्या नोंदी डीलरलाही हव्याच असतात. हे लक्षात घेऊन बोलल्यास संभाषणाचा सूर बदलतो. तरीही दाद मिळाली नाही, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत डीलरकडे जावे आणि त्याच वेळी निर्मात्याच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा. हे सगळे वॉरंटीच्या मुदतीत झाले पाहिजे. मुदतीत नोंदवलेली आणि न सुटलेली तक्रार घेऊन नंतर भांडता येते. मुदतीनंतर प्रथमच केलेल्या तक्रारीला निर्मात्याच्या मर्जीवरच सोडून द्यावे लागते.

जे सभासद गाडीसह देश बदलण्याच्या विचारात आहेत त्यांनी वॉरंटी पुस्तिकेतील प्रदेशाचे कलम वाचावे. वॉरंटी सहसा विक्रीच्या देशापुरती किंवा प्रदेशापुरती असते.

आपली,
एक सभासद

---

काका आणि ताई, मनःपूर्वक आभार.

आपण सांगितल्याप्रमाणे मजकूर लिहून दिला आणि तंत्रज्ञांना तापलेल्या गाडीत शेजारी बसवले. चढावरच्या गर्दीत गाडी थरथरली तेव्हा त्यांनी काही न बोलता लॅपटॉपवर नोंद घेतली. आता क्लचचे आकडे निर्मात्याकडे पाठवले असून कार्डावर ‘ग्राहकाची तक्रार प्रत्यक्ष अनुभवली’ असे लिहिले आहे. याच भेटीत त्यांनी वाढीव वॉरंटी घेण्याचा आग्रह धरला. ती लगेच घ्यावी का?

---

ताई, घाई करू नये. ती निर्मात्याची आहे की बाहेरच्या विमा कंपनीची, हे प्रथम पाहावे. करारातील वगळलेल्या भागांची यादी जाहिरातीपेक्षा जास्त बोलकी असते. करार सुरू होण्यापूर्वीपासून असलेला दोष अशा करारांत बहुधा वगळलेला असतो, आणि आपला दोष तर आता कागदावर आहे. म्हणून आधी हे काम मूळ वॉरंटीतच पूर्ण करून घ्यावे. काम झाल्यावर रक्कम शून्य असली तरी भागांच्या क्रमांकांसह बिल मागून घ्यावे, आणि बदललेल्या क्लचला स्वतंत्र मुदत आहे की मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू आहे, हे पुस्तिकेत पाहून मगच वाढीव वॉरंटीचा निर्णय घ्यावा. नवा क्लच बसल्यावर त्याची पकड सॉफ्टवेअरला नव्याने शिकवावी लागते. ते केल्याची नोंद बिलावर नसेल, तर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी विचारावे.